लस ‘दिली’ आणि लस ‘लागली’

तत्त्वज्ञानाचा माणूस कोंबड्यांवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण आज आपण शब्दांचाच एक भेद बघणार आहोत: लस ‘दिली’ आणि लस ‘लागली’. बीड जिल्ह्यात ज्याचं ब्रॉयलरचं शेड आहे, त्याची अख्खी बॅच या भेदावर तरते किंवा जाते.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूचा आजार. इंग्लंडात न्यूकॅसलला आढळला म्हणून जग त्याला न्यूकॅसल म्हणतं. भारतात तो राणीखेतला ओळखला गेला. आपल्या लोकांनी मात्र लक्षणावरून नाव ठेवलं. पण अनेकदा मान मुरगळण्याआधीच पक्षी चोच उघडून श्वास घेऊ लागतो, घशात घरघर ऐकू येते.

आता पिल्लू बघा. ते अंड्यातूनच आईची प्रतिपिंडं घेऊन येतं. ही उसनी पुंजी. सुरुवातीला ती भरपूर असते, तेव्हा लसीतल्या सौम्य पण जिवंत विषाणूलाही ती निष्प्रभ करू शकते. पुढे ती आटते आणि पिल्लू उघडं पडतं. म्हणून साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात टाकतात. डोळ्यातच का? कारण तिथून लस नाकात, घशात उतरते आणि रोग ज्या दारातून शिरतो तिथेच पहारा बसतो. शिवाय एकेक पिल्लू हातात घ्यावं लागतं. कुणी सुटत नाही.

दुसरा डोस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बहुधा पिण्याच्या पाण्यातून. घोटाळा होतो तो इथे. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर येतो, पाण्यात ब्लिचिंग पावडर असते. माणसांसाठी ती हवीच. पण तिच्यातलं क्लोरीन लसीचा विषाणूही मारतं. वहीत नोंद होते ‘लस दिली’, आणि पिल्लांनी प्यायलेलं असतं नुसतं पाणी.

म्हणून क्लोरीन नसलेलं पाणी घ्यावं, त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी. लस २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फातूनच आणावी. पहाटे तासभर पाणी बंद ठेवून मग लसीचं पाणी द्यावं. ते दोन तासांत संपलं पाहिजे. भांडी इतकी हवीत की दुबळ्या पिल्लालाही चोच घालता येईल. बॅच आधीच आजारी असेल तर अगोदर पशुवैद्यांना विचारावं.

आमची विनंती एवढीच: वहीत तारखेपुढे पाणी कुठलं होतं, तेही लिहीत चला.