धावताना मान कुठे असते?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. गुण सेकंदांवर ठरतात आणि गुणांवर नोकरी. फजरनंतर रस्त्यावर धावणारी मुले हल्ली पुष्कळ दिसतात. मेहनतीत ती कमी पडत नाहीत. पण शेवटच्या फेरीत त्यांच्याकडे नीट पाहा. हनुवटी वर, मान मागे आणि डोके लंबकासारखे डावी-उजवीकडे. पाय थकले, असे सगळेच म्हणतात. मानेकडे कुणाचे लक्ष जात नाही.

माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. कण्यावर सरळ बसले तर ते जाणवतही नाही. पुढे झुकले किंवा मागे कलले की मान आणि खांद्यांचे स्नायू ते ओढून धरण्यात गुंततात. खांदे आखडले की हात मोकळे हलत नाहीत.

डोके स्थिर ठेवण्याची सोय शरीरातच आहे. मानेच्या मागच्या बाजूने कवटीपासून खाली उतरणारा एक अस्थिबंध पाऊल आपटताना डोके पुढे ढळू देत नाही. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके कुठे वळले याची खबर देतात आणि डोळे त्याच क्षणी उलट दिशेला फिरतात. घरी मुलांना हा प्रयोग दाखवाच: छापील कागद डोळ्यांसमोर भराभर हलवला तर अक्षरे पुसट होतात, कागद स्थिर धरून डोके तितक्याच वेगाने हलवले तर वाचता येतात.

‘मान ताठ ठेव’ असे ओरडून मात्र काही होत नाही. मान उलट आणखी आखडते. डोके बहुधा खालच्या दोषामुळे हलते. हात छातीच्या मध्यरेषेपलीकडे गेले की धड वळते, धडाबरोबर डोके. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकले की प्रत्येक वेळी धक्का वर जातो. म्हणून पावले थोडी आखूड, कोपरे मागे, मुठी सैल, नजर पंधरा-वीस मीटर पुढे. झुकायचे तर घोट्यापासून, कमरेतून नव्हे. मुलींनी स्कार्फ हनुवटीखाली आवळू नये. हलक्या कापडाचा घेऊन मागे पिन लावावी.

यावर एखादा हुशार मुलगा एमिल झाटोपेकचे नाव घेतोच. डोके वेडेवाकडे हलवत धावणाऱ्या या गड्याने १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके घेतली. पॉला रॅडक्लिफही मान डोलावत धावे आणि २००३मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन संपवून तिने विश्वविक्रम केला. खरे आहे. पण त्यांच्या सरावाचा डोंगर घ्यायचा सोडून आपण मानेचे डोलणे तेवढे का उचलावे?

धावताना चक्कर येत असेल किंवा मानेतून हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावे. एरवी भावाने किंवा बहिणीने बाजूला उभे राहून मोबाइलवर चित्रण करावे, तेही शेवटच्या २०० मीटरचे. पहिल्या फेरीत सगळेच ताठ धावतात.