परसातील रुई व मांदार

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धे व मोरवे ही गावे लागतात. मिरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली; परंतु मिठागरे आणि खाडी यांचा शेजार काही सुटला नाही. अशा ठिकाणी परसातील बागेचा प्रश्न बिकट असतो. जमिनीत खार, वाऱ्यात खार आणि उन्हाळ्यात गोड्या पाण्याची टंचाई. मोगरा हौसेने लावावा, त्याला माणसांच्या वाट्याचे पाणी घालावे आणि वैशाखात त्याची पाने करपलेली पाहावी, असे घडते. त्याच हवेत रुई मात्र कोणी न लावता वाढते व वर्षातील बहुतेक महिने फुलते. तिला परसात मानाची जागा का देऊ नये?

रुई हे सहा ते दहा फुटांपर्यंत वाढणारे बहुवर्षायू झुडूप होय. तिच्या जाड पानांवर, विशेषतः खालच्या बाजूस, पांढरी कापसासारखी लव असते. कोवळ्या पानावर बोट फिरविल्यास ती पिठाप्रमाणे हाताला लागते. ही लव म्हणजे झाडाचे पांघरूणच. तिच्यामुळे ऊन व खारा वारा पानाला थेट झोंबत नाही आणि पानातील ओलावा टिकतो. मुळे खोल जातात. त्यामुळे झाडाने एकदा जीव धरला की पाणी देण्याची फारशी गरज उरत नाही.

किनारपट्टीवर दिसते ती मुख्यतः मोठी रुई. तिची फुले जांभळट असतात. पांढऱ्या फुलांच्या रुईस मांदार म्हणतात व गणपतीच्या पूजेत त्याला मान आहे. मारुतीस शनिवारी रुईच्या पानांची माळ वाहतात, त्यामुळे शहरालगतच्या गावी पानांना गिऱ्हाईकही मिळते. (तिसरेपणाच्या नवरदेवाचे लग्न आधी रुईशी लावण्याची जुनी रूढी होती, तिच्यात रुईच्या संमतीचा प्रश्न कोणी काढीत नसे!)

बियांपासून मांदाराची झाडे पांढऱ्याच फुलांची निघतील अशी खात्री नसते. म्हणून छाट लावणे चांगले. पावसाचा जोर ओसरल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व छाट घ्यावी. ती सावलीत एक दिवस ठेवून कापलेल्या जागेचा चीक सुकू द्यावा व मगच लावावी. खार एकवेळ चालेल, परंतु साचलेले पाणी रुईस मानवत नाही. यासाठी वीतभर उंच वरंबा किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लागवड करावी. पहिला महिनाभर बेताचे पाणी द्यावे. खताची आवश्यकता नाही. झाड फार वाढल्यास छाटावे. ते पुन्हा फुटते.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसल्यास पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी पाने खाते, ती एका नारिंगी फुलपाखराची असते. तिच्यासाठी औषध मारण्याचे कारण नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रुईचा चीक विषारी आहे आणि डोळ्यात गेल्यास बुबुळास इजा करतो. यात फसगत अशी की, पुष्कळदा डोळा फारसा दुखत नाही, केवळ दृष्टी धूसर होते. दुखत नाही म्हणून मनुष्य घरीच बसतो व दुखापत वाढते. चीक डोळ्यात जाताच स्वच्छ पाण्याची धार धरून डोळा बराच वेळ धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. कोणताही घरगुती उपाय डोळ्यात घालू नये. पाने खुडताना व छाटणी करताना हातमोजे घालावेत, हात डोळ्यांकडे नेऊ नये व काम संपताच साबणाने धुवावेत. माळा करणाऱ्या स्त्रियांना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे आवर्जून सांगावे. मुले खेळतात त्या अंगणात, पाणवठ्याशी अथवा गोठ्यालगत हे झाड लावू नये. गुरे सहसा रुईस तोंड लावीत नाहीत, परंतु चाऱ्याच्या टंचाईत भुकेले जनावर तीही खाते.

छाटलेला पाला फेकून देऊ नये. तामिळनाडूत रुईचा पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून गाडतात. ज्यांची खाचरे अजून पिकतात त्यांनी तसा वापर करून पाहावा. फळे मात्र उकलण्यापूर्वीच तोडावीत, कारण बियांना रेशमी कापसाचे झुबके असतात आणि वाऱ्यासरशी त्या शेजाऱ्याच्या वावरात जाऊन रुजतात.