होडीचा वाया जाणारा वेग

शिडाच्या होडीचा वेग वाढवायचा म्हटले, की वेगळ्या घडणीचे शीड किंवा महागडी डोलकाठी डोळ्यांसमोर येते. ‘लेसर’ या एकट्याने चालवायच्या होडीसाठी मात्र हा मार्ग नियमांनीच बंद केला आहे. कॅनडाचे रचनाकार ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही होडी १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. २०१९ पासून ती ‘आयएलसीए’ या नावाने ओळखली जाते. सर्व होड्या एकसारख्या असाव्यात आणि कस लागावा तो खलाशाचा, हे तिचे तत्त्व. भारताच्या विष्णु सरवणन यांनी २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात कांस्यपदक पटकाविले.

मग मालकाच्या हाती काय उरते? वाया जाणारा वेग वाचविणे. जुनी होडी घेणाऱ्यासाठी तर तेच सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

पहिला शत्रू म्हणजे पोटात साचणारे पाणी. रिकाम्या होडीचे वजन सुमारे ५९ किलो. आत १० लिटर पाणी शिरले, तर हे वजन एक षष्ठांशाने वाढते. गळती शोधण्यासाठी सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे व निचऱ्याच्या छिद्रातून तोंडाने हलकेच हवा फुंकावी; बुडबुडे येतील तेथे गळती समजावी. पंपाने जोराची हवा भरू नये, सांधे उकलतात.

दुसरी तपासणी डोलकाठीच्या खोबणीची. तीत पाणी भरून पातळीवर खूण करावी. अर्ध्या तासाने पातळी उतरलेली दिसली, तर तळ झिजला आहे किंवा सांधा सैल झाला आहे. अशी होडी पाण्यात नेऊ नये. भर वाऱ्यात खोबण तुटली, तर डोलकाठी डेकही फाडते. काचतंतूचे कापड व इपॉक्सी वापरून ही दुरुस्ती आधी करावी.

तिसरे काम दोऱ्यांचे. ‘बूम’ ही आडवी काठी खाली खेचली, की डोलकाठी वाकते, शीड सपाट होते आणि जोराच्या वाऱ्यात होडीचे कलणे आटोक्यात राहते. त्यासाठी लागणारा ४० किलोचा ताण कप्प्यांनी चार पदरांवर वाटला, तर घर्षण वगळता हाताला १० किलोच लागतात. मात्र दोरी चौपट ओढावी लागते. म्हणून नियमांत बसतील तेवढ्याच, पण सहज फिरणाऱ्या कप्प्या बसवाव्यात.

चौथे, सुकाणू. त्याचे पाते पाण्यात थोडे जरी मागे सरकले, तरी सुकाणू हाताला जड लागते व ते सतत वळवून धरावे लागते. वळलेले पाते ब्रेकसारखे काम करते. बिजागराचा बोल्ट आवळणे आणि पाते खाली धरणारी दोरी घट्ट करणे, एवढाच यावर उपाय.

शेवटी, शिडाच्या दोन्ही बाजूंना चिकटविलेले लोकरीचे धागे. ते आडवे, शांत वाहत असतील तर हवा शिडाला धरून जाते आहे. फडफडू लागले तर दिशा किंवा शीड सुधारावे.

तळाची वा पात्याची मूळ घडण बदलेल अशी घासाघीस नियमबाह्य ठरते. स्वच्छ, कोरडी आणि मजबूत होडी हीच सर्वांत स्वस्त सुधारणा होय.