सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी का? घरातली झाडं आणि त्यांची कीड

घरातल्या कुंड्यांवरची कीड सेंद्रिय उपायांनी कशी आवरायची, हा आजचा विषय. आधी एक साधा प्रश्न विचारू या: घरातच कीड इतकी का माजते? बाहेरच्या झाडाची पानं पाऊस धुऊन काढतो, ढालकिडे मावा फस्त करतात. आपण झाड आत आणतो आणि त्याचे हे दोन्ही राखणदार दाराबाहेर ठेवतो. वर एसीची कोरडी हवा, म्हणजे लाल कोळ्याला तर माहेरच! तेव्हा पावसाचं आणि ढालकिड्याचं काम आता आपल्याला करायचं आहे. औषध नंतर.

सगळ्यात चिवट म्हणजे पिठ्या ढेकूण. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की बहुधा तोच. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली असेल तर तिचा माग काढावा. हा ढेकूण गोड, चिकट स्राव सोडतो. तो मिळावा म्हणून मुंग्या त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. अशी कुंडी आधी इतरांपासून दूर ठेवायची, न्हाणीघरात नेऊन पानं खालून-वरून पाण्याने धुवायची, आणि उरलेली कीड साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढायची.

ढेकणाच्या अंगावर मेण असतं, त्यामुळे नुसतं पाणी घरंगळून जातं. साबणामुळे ते पसरतं, आवरण सुटतं. पण हे काम साबण ओला असेपर्यंतच होतं. वाळला की संपलं. म्हणून पानांवर वरवर फवारा मारून समाधान मानू नये, खालची बाजू भिजली पाहिजे. कपडे धुण्याची पावडर मात्र नको, पानं करपतात.

कडुनिंबाच्या तेलाबद्दल आपली एक तक्रार नेहमीची: ‘फवारलं, पण कीड मेलीच नाही.’ त्यातलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीला तडकाफडकी मारत नाही. तिचं खाणं मंदावतं, तिला नीट कात टाकता येत नाही, पिढी पुढे सरकत नाही. शिवाय पांढऱ्या कापसात दडलेल्या अंड्यांपर्यंत फवारा नीट पोचत नाही. म्हणून सात-आठ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा फवारणी हवी. 5 मिली तेल आधी थोड्या सौम्य द्रवसाबणात घोळवायचं, मग 1 लिटर कोमट पाण्यात मिसळायचं, आणि त्याच दिवशी वापरायचं. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं, तेव्हा संध्याकाळ बरी. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबावं; नेचे आणि लव असलेली पानं नाजूक असतात.

आता ज्यासाठी हे व्याख्यान मुख्यतः ठेवलं, त्या मुद्द्याकडे येऊ. तंबाखूचा काढा घरगुती म्हणून सर्रास सुचवला जातो. तंबाखू वनस्पती, वनस्पती नैसर्गिक, म्हणून काढा सुरक्षित, असा हा युक्तिवाद. न्यायदर्शनाच्या भाषेत यातली व्याप्तीच तुटकी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे टिकतं. जिथे नैसर्गिक तिथे निरुपद्रवी, हे टिकत नाही. आपल्या दारातली कण्हेरच त्याला खोटं पाडते! तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरावर आपल्या देशात बंदी आहे, आणि तेच निकोटिन आपण बंद खोलीत फवारायचं? तिथे रांगणारं मूल असतं, पानं चाटणारी मांजर असते. वर तंबाखूतून येणारा विषाणू मिरची-टोमॅटोच्या रोपांना लागू शकतो, ते वेगळंच. आमचं मत स्पष्ट आहे: हा काढा घरात करूच नये. आणि कडुनिंबाचं तेलसुद्धा मुलांच्या हाती लागणार नाही असंच ठेवावं. ते पोटात जाणं लहान मुलांना घातक ठरू शकतं.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: कुंडीभोवती उडणाऱ्या बारीक काळ्या चिलटांचं काय? त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात, तेव्हा मूळ कारण बहुधा आपलं जास्तीचं पाणी. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका, आणि पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून तो कुंडीत खोचा. उडणारी त्याला चिकटतील. अळ्यांसाठी मात्र माती वाळू द्यायलाच हवी.