हिरव्या उजेडामागची सुई

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पडद्यावर पित्तनलिका हिरवीगार चमकते, ते व्हिडिओ आता सगळ्यांनी पाहिले आहेत. कौतुक सर्जनचे होते. त्या चमकेची वेळ मात्र बऱ्याचदा वॉर्डातल्या सिस्टरने आदल्या रात्री सांभाळलेली असते. इंडोसायनिन ग्रीन शिरेत गेले की यकृत ते उचलते आणि पित्तात सोडते. काही तास आधी टोचले तर यकृत निवळते, नळी उठून दिसते. टेबलावर घाईने टोचले तर अख्खे यकृतच उजळते आणि जी चुकून कापली जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप, तीच नळी झगमगाटात हरवते. अशा एका सकाळी सर्जनने कॅमेरा साधा केला आणि नेहमीच्या पद्धतीने, शांतपणे ऑपरेशन पूर्ण केले. रंगाशिवाय ज्याला जमते, त्याच्याच हातात रंग शोभतो, हे त्या दिवशी पटले.

थेंबाचा किस्सा ओटीबाहेर कोणी सांगत नाही. कुपी भरताना एक थेंब सांडला तर साध्या डोळ्याला जेमतेम कळतो, पण इन्फ्रारेड कॅमेऱ्याला गॉज, चिमटा, ग्लोव्हज सगळेच चमकताना दिसतात. ओटीतले दिवे मंद केलेले, सगळ्यांचे डोळे पडद्यावर. स्तनाच्या कॅन्सरच्या एका ऑपरेशनात रंगाने चमकणारी काखेतली गाठ सापडली म्हणून सर्जन खूश झाले आणि ती गाठ त्यांच्या बोटाबरोबर सरकू लागली. ग्लोव्ह बदलला, खरी गाठ पलीकडे निघाली.

निळ्या रंगाची तऱ्हा वेगळी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतली पहिली गाठ, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोहोचतो ती, शोधायला तोही टोचतात. थोड्या वेळाने बोटाला लावलेला ऑक्सिमीटर खाली घसरू लागतो, भूलतज्ज्ञ धावतात. बहुधा ऑक्सिजन ठीकच असतो, रंगामुळे यंत्र फसलेले असते. पण याच रंगांची क्वचित जीवघेणी ॲलर्जीही येते. म्हणून आकडा खोटा वाटला तरी भूलतज्ज्ञ आधी रक्तदाब पाहतात, श्वास तपासतात. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते आणि आधी कोणी सांगितले नसेल तर नातेवाईक घाबरून जातात.

इंडोसायनिन ग्रीन जन्मले कोडॅकच्या प्रयोगशाळेत, फोटोच्या दुनियेत. अमेरिकेत १९५९ साली त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. आधी हृदय आणि यकृताच्या तपासण्या, पुढे डोळ्याचा पडदा. ऑपरेशनच्या टेबलावर चमक दाखवणारे कॅमेरे यायला आणखी काही दशके गेली. आजही महाग असतो तो कॅमेरा, कुपी नव्हे.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत सांगत नाहीत. हा रंग कॅन्सर ओळखत नाही. रक्त आणि लसिका जिथे जातात, तिथे तो जातो. कॅन्सरच्या पेशींना चिकटणारा पाफोलासियानिनसारखा रंग वेगळा. त्याला अमेरिकेत २०२१ साली, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी, मान्यता मिळाली.

खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, आमच्या विदर्भात प्रश्न तोंडाचा आणि मानेचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिले, की सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ लागत नसली तरी मानेचे ऑपरेशन सोबतच करावे. तीन वर्षांनी जगलेले ८० टक्के, वाट पाहिलेल्यांत ६७.५. आता रंग टोचून पहिलीच गाठ तपासावी आणि ती स्वच्छ असेल तर मान वाचवावी, असा प्रयत्न आहे. पण त्यासाठी पेशंट लवकर यायला हवा.

नवेगाव बांधकडचा एक पेशंट नागपुरात असाच व्हिडिओ पाहून आला होता. "डाक्टरसाहेब, थो हिरवा रंग टाकून पाहा ना जी." त्याच्या मानेतली गाठ बोटाला लागत होती, रंगाने शोधायचे काही उरलेच नव्हते. डॉक्टरांनी त्याला ऑपरेशन नीट समजावले. मग सोबत आलेल्या धाकट्या भावाच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी त्यांना दिसली. त्याला खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावले. टॉर्चच्या उजेडात गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. त्या दुपारी तुकडा तपासायला गेला, तो भावाचा.