टर्कीची पिल्ले जगवायची तर पहिले पंधरा दिवस सांभाळा



उसाचं पीक बारा-चौदा महिन्यांचं. मधल्या काळात घरात चार पैसे यावेत म्हणून गाय, शेळी, कोंबडी हे जोडधंदे आपण करतोच. त्यात टर्की हा पक्षीही आहे. मात्र याचं एक दिवसाचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा महाग पडतं, आणि मरतंही लवकर. नफा-तोट्याचा निकाल बहुधा पहिल्या पंधरा दिवसांतच लागतो.

पिल्लू उपाशी का मरते?

टर्कीचे अंडे २८ दिवसांनी फुटते. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढते. पुढे त्याने स्वतः दाणा टिपायला हवा. कोंबडीचं पिल्लू लगेच टिपायला लागतं. टर्कीचं पिल्लू मंद. समोर खाद्य असूनही ते उपाशी राहतं आणि चौथ्या दिवसानंतर माना टाकू लागतं. लोक म्हणतात रोग आला. पुष्कळदा तो रोग नसतो, उपासमार असते.

उपाय घरचाच आहे. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे बारीक कुस्करून द्यावे. एक लिटर पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटर दूध घालावे. ते नासण्याआधी बदलावे आणि भांडे घासावे. खाद्यावर हिरवा पाला बारीक चिरून टाकावा, दोन-चार रंगीत गोट्या ठेवाव्यात. रंग दिसला की पिल्लू चोच मारते. भांड्यावर बोटाने टकटक करावी. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

कणी-कोंड्यावर भागत नाही

मावळात भाताची कणी आणि कोंडा घरोघरी. पण कणीत प्रथिने शेकडा आठच्या आसपास, आणि टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे शेकडा २८ लागतात. बाजारातलं कोंबडीच्या पिल्लाचं खाद्यही यात कमीच पडतं. घरी १०० किलो खाद्य करायचे तर हा हिशेब पाहा:

मका भरडा – ४० किलो
सोयाबीन पेंड – ४४ किलो
मासळी कुटी (बिनमिठाची) – ११ किलो
खाद्यतेल – २ किलो
डायकॅल्शियम फॉस्फेट – २ किलो
चुनखडी भुकटी – अर्धा किलो
पक्ष्यांचे खनिज व जीवनसत्त्व मिश्रण – अर्धा किलो

मक्यातून सुमारे साडेतीन, पेंडीतून वीस आणि कुटीतून साडेपाच, मिळून २८-२९ किलो प्रथिने होतात. मालाच्या प्रतीनुसार आकडा खाली-वर होईल. सोयाबीन कच्चे भरडून घालू नये. ते पचत नाही, तेल गिरणीची भाजलेली पेंडच हवी. बाजारातली खारवलेली सुकटही नको. जास्त मीठ पिल्लांना बाधते. खनिज-जीवनसत्त्व मिश्रण महाग म्हणून गाळू नका, पाय वाकडे होतात. कारखान्याची मळी जनावराला चालते म्हणून इथं ओतू नये. पिल्लांना पातळ हगवण लागते.

बुरशीपासून सावध

१९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचे विष सापडले. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन नाव पडले. आपल्या लोणावळा-मावळ पट्ट्यात पावसाळाभर हवा दमट, त्यामुळं ही गोष्ट आपल्याच गोठ्यातली समजा. हे विष उन्हात वाळवून किंवा उकळून जात नाही. म्हणून पिल्लांना शेंगदाणा पेंड टाळलेलीच बरी. खाद्य आठ-दहा दिवसांपुरतेच करा, पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. वास आला, गुठळी झाली, की फेकून द्या. गाईलाही घालू नका.

ऊब आणि जागा

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढं दर आठवड्याला तीन अंश कमी करावी. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते, लांब पळाली तर उकडते. खाली भाताचे कोरडे तूस पसरावे, पण पहिले काही दिवस त्यावर गोणपाट घालावे, नाहीतर पिल्ले तूसच खातात. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. ओला उसाचा भुसा वापरू नये, त्याला बुरशी लवकर लागते. कोंबड्यांबरोबर टर्की ठेवू नका, त्यांच्याकडून ‘ब्लॅकहेड’ रोग येतो. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवतानाही हे ध्यानात असू द्या.

शेवटचं सांगणं असं, की आधी गिऱ्हाईक ठरवा, मग पिल्ले आणा. सुरुवात वीस-पंचवीस पिल्लांनीच करा आणि खाद्याचा खर्च वहीत रोज लिहा. पंधरा दिवसांनी पिल्ले मोजा. वही आणि पिल्ले, दोन्हींचा मेळ बसला तरच पुढची पन्नास आणायची.