आमरस खातात, उसाचा रस पितात: लहान मुलं पदार्थांचे गट कसे लावतात?

चार वर्षांच्या मुलासमोर हुरडा, भाकरी आणि बोरं अशी तीन चित्रं ठेवली. "सारखे असतील ते दोन एकत्र ठेव" म्हटल्यावर त्याने हुरडा आणि बोरं जोडली. हे उत्तर चूक धरायचं का? हुरडा ज्वारीचा, भाकरीही ज्वारीची, म्हणून आपल्याला ती जोडी हवी असते. पण मुलाने थंडीतलं, शेतावर जाऊन खायचं ते एकत्र ठेवलं. गट त्याने लावलाच, फक्त आपल्या मनातला लावला नाही.

पियाजेच्या परंपरेत असे प्रसंगावरून लावलेले गट कच्च्या विचाराचं लक्षण समजले जात. सिमोन न्गुयेन आणि ग्रेगरी मर्फी यांनी 2003 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांतून वेगळं चित्र दिसलं. चौथ्या वर्षाच्या सुमारास मूल एकच पदार्थ दोन गटांत ठेवू शकतं: सफरचंद हे फळही आणि मधल्या वेळचं खाणंही. सातव्या वर्षापर्यंत कोणत्या प्रश्नाला कोणता गट वापरायचा, हेही कळू लागतं. पदार्थाच्या आत काय आहे असं विचारलं तर प्रकार, तो कधी खातात असं विचारलं तर प्रसंग.

आपल्याकडे यासाठी सुंदर साधन आयतं पडलंय, ते म्हणजे उपवास. साबुदाणा, भगर, रताळं, शेंगदाणे. दिसण्यात किंवा जातीत साम्य काहीच नाही, तरी "उपवासाला चालतं" हा गट पक्का. मात्र संभाजीनगरसारख्या शहरात हाच संच सगळ्यांना लावू नका. शहागंजच्या एखाद्या घरातल्या मुलाला रोजा सोडतानाचा खजूर जवळचा असेल, भगर नसेल. आधी घरांत काय शिजतं ते विचारा, मग चित्रं काढा. बाजारातले ब्रोकोली-स्ट्रॉबेरीचे तयार तक्ते वापरले, तर न पाहिलेल्या पदार्थापायी अंगणवाडीतलं हुशार पोरगं "वर्गीकरण येत नाही" या रकान्यात जाऊन बसतं. हा शिक्का पुढे शाळेतही त्याच्यामागे जातो, म्हणून एवढं सांगतोय.

पेयांचं तर आणखी अवघड. आमरस आपण खातो, उसाचा रस पितो. दूध पितो, पण दूध-भाकरी खातो. त्यामुळे "पिण्याचं वेगळं काढ" म्हटल्यावर मुलाने आमरस बाजूला ठेवला, तर तो पातळ असतो हे त्याला कळत नाही असा निष्कर्ष निघत नाही. कदाचित ते क्रियापदाच्या मागे गेलं असेल. भांड्याचंही तेच. ताक ग्लासात आणि कढी वाटीत दाखवली, तर मूल पदार्थ ओळखतंय की भांडं? पेट-नेटच्या अभ्यासात "बाह्य चल" पाठ केलेलं असतं ना, ते हेच. सगळं एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या वाटीत ठेवून फोटो काढा.

आणि प्रत्येक जोडीनंतर "हे एकत्र का ठेवलंस?" हे विचाराच. मिळालेलं उत्तर प्रमाण मराठीत सुधारून नव्हे, मुलाच्या शब्दांत जसंच्या तसं उतरवून घ्या.